चुड्याच्या दिवशी दुखलेले हात

गप्प बसण्याचे रामकिसन वायाळला तीन फायदे होते, आणि तिन्ही त्यानं मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत बसून नीट तोलून पाहिले होते. पहिला, खापरटाकळीचं सरपंचपद, तेही बिनविरोध. दुसरा, पोरीला, शीतलला, नवीन जालन्यात बियाणं कंपनीच्या ऑफिसात नोकरीला असलेला नवरा. पोराकडच्यांनी काही मागितलं नव्हतं, आणि ‘आम्हाला काही नको’ म्हणताना आजकाल पोराच्या बापाची जीभ जशी अडखळते ते बघता ही गोष्ट लहान नव्हती. तिसरा फायदा म्हणजे निवांत झोप. ही त्यानं जमेच्या बाजूला धरली खरी, पण त्याच्या पदरात ती एकदाही पडली नाही.

खर्चाच्या बाजूला होता एक म्हातारा मणियार. बस. त्यात रामकिसनचं स्वतःचं काय जाणार होतं?

तिन्ही फायदे राधेश्यामच्या हातात होते. शहागडकडून हायवेनं आलं की खापरटाकळीचा फाटा लागतो, आणि फाट्यावर पहिलं दुकान लागतं ते राधेश्यामचं कृषी सेवा केंद्र. गावाला कोणतं खत कधी मिळायचं हे तोच ठरवायचा. अलीकडं गावानं कुणाकडून काय घ्यायचं हेही त्याच्याच मोबाइलवरून गावभर जायचं. ‘आपल्याच माणसाकडून खरेदी करा’ असं सुरू झालेलं ते मेसेजचं प्रकरण ‘बाजारात घुसलेले ओळखा’ इथवर आलं होतं. खत विकणाऱ्या माणसाला बिनखताचं येणारं पीक सापडल्यावर तो ते कशाला सोडतो?

दिवाळीनंतरच्या एका बाजाराला, उन्हं कलताना, रामकिसन फाट्यावर ट्रॉलीचं पंक्चर काढून घेत बसला होता. समोर नालीच्या कडेला रज्जाकचाचा मणियाराचं टेबल. पंचक्रोशीत अशी लेकबाळ नव्हती जिच्या हातात चाचानं बांगडी चढवली नाही. म्हातारा दुकान आवरत होता, बांगड्यांच्या लडी लाकडी पेटीत ठेवत होता. तेवढ्यात राधेश्यामचा भाचा मिथुन मोटारसायकलवर दोघांना घेऊन आला आणि टेबलाला पाय लावून उभा राहिला.

“पुढच्या बाजाराला इथं दिसायचं न्हाई.”

चाचा हसला. पोरगं मस्करी करून राह्यलं असंच त्याला वाटलं असणार. “आरं बेटा, तुझ्या मायचा चुडा म्या भरलाय. लई रडली व्हती ती. तिचा हात हातात धरून म्हणलं, पोरी...”

मिथुनला एवढंच पुरलं. म्हाताऱ्याचा उजवा हात पेटीच्या काठावर होता. मिथुननं वरून झाकण आपटलं आणि झाकणावर चढला. नुसता चढला नाही, टाचेवर जोर देत राहिला. रामकिसनच्या कानावर आधी काच फुटल्याचा आवाज आला, मग चाचाचा. आणि पायाखाली पेटी असतानाच मिथुननं मान वर केली, रामकिसनला बघितलं आणि हात जोडले.

“राम राम, मामा. पंक्चर झालं का?”

“व्हय,” रामकिसन म्हणाला.

त्या संध्याकाळी तो एवढंच बोलला.

ठाण्यात नोंद झाली ती पाय घसरून पडल्याची. खुद्द चाचानंच तसं सांगितलं. त्याला घरी सून होती, नात होती, आणि गावातून बाहेर पडायचा रस्ता राधेश्यामच्या दुकानावरूनच जात होता. पंक्चरवाला म्हणाला, माझं डोकं टायरात होतं. भाजीवाली सोनूबाई म्हणाली, मी मेथी निवडत होते. त्या घटकेला फाट्यावरचा जो तो कामात इतका बुडालेला होता, की एवढं कष्टाळू गाव जिल्ह्यात दुसरं नसेल.

त्याच आठवड्यात राधेश्याम रामकिसनच्या ओसरीवर चहाला आला.

“औंदा सरपंच तुमीच, रामकिसनराव. मी कुणाला फॉर्मच भरू देत न्हाई.”

“अन् तुमचं?”

“माझं काय, मी दुकानदार माणूस.” त्यानं बशीत चहा ओतला. “अन् शीतलसाठी पोरगं बघितलंय. अंगद. माझ्या साडूचाच हाय. जालन्याला नोकरीला. घरचे बिलकुल माझ्या शब्दाबाहेर न्हाईत. फक्त आपली माणसं एका शब्दावर राह्यली पायजेत. बराबर?”

“बराबर.”

मणियाराचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही. कपबश्या उचलायला आलेली चतुराबाई, रामकिसनची बायको, मात्र उंबऱ्यात थांबली.

“भाऊजी, रज्जाकचाचाचा हात कसा हाय, काही कळलं का?”

“म्हातारी माणसं पडतेत, वहिनी.” राधेश्याम गोड हसला. “जपून राहावं. सगळ्यांनीच.”

चतुराबाईनं बशी उचलली. तिच्यात चहा तसाच शिल्लक होता.

पुढच्या बाजाराला चाचा आला नाही. त्याच्या पुढच्याला पिंजारी आला नाही. मग कुलपं दुरुस्त करणारा गेला. मिथुन आणि त्याची पोरं आता बाजाराच्या तोंडाशीच खुर्च्या टाकून बसायची. आधी नाव विचारायची. मग नावानं भागेना म्हणून आडनाव विचारायला लागली, आणि मग एक दिवस पिढ्यान् पिढ्या गावातच राहणाऱ्या चपला शिवणाऱ्याला म्हणाली, “तू कोपऱ्यात बस.” तो उठला आणि कोपऱ्यात बसला. रामकिसननं हे बघितलं आणि वांगी घेतली. वांगी महाग झाली होती. माणसं कमी झाली की बाजार महागतो, एवढं त्याला कळत होतं. पण वांग्याचा भाव आणि कोपऱ्यातला माणूस एकाच हिशोबात मांडायचे असतात, हे तो स्वतःला कळू देत नव्हता.

पौषात एका दुपारी शीतल घरी आली ती स्कुटी ढकलतच.

“बंद पडली का?” रामकिसननं विचारलं.

“चालू हाय. चालवायला हात थरथरून राह्यले.” ती पायरीवर बसली. बदनापूरला कृषी संशोधन केंद्रात तिला कामाची ऑर्डर मिळाली होती, लग्नानंतर रुजू व्हायचं होतं. त्याचे कागद द्यायला ती गेली होती. “येताना फाट्यापासून चाचाच्या नातीला मागं बसवलं. तिला घरी सोडलं, तर पुढं मिथुननं गाडी अडवली. चावीच काढून घेतली, पप्पा. म्हणे, ताई, मागं कुणाला बसवायचं जरा बघत जा, लग्न ठरलंय तुमचं. ताई म्हणला. अन् बोलणं संपलं तवा चावी परत दिली. हातात न्हाई दिली, रस्त्यावर टाकली.”

रामकिसननं इकडंतिकडं बघितलं. “लग्न होईस्तोवर गप राहा.”

“अन् मंग?”

“मंग तू जालन्याला.”

“अन् तुमी?”

हा प्रश्न त्यानं मोटारीच्या खोलीत कधी काढलाच नव्हता. तो बैलाला पाणी दाखवायला उठला. बैल नुकताच पाणी पिऊन बसला होता.

आता रामकिसनची चूक कुठं झाली ते बघा. तो काही मूर्ख नव्हता. गावातली कोणती घरं राधेश्यामकडं, कोणती आपल्याकडं, कोण कुणाचा मिंधा, कोण कुणाच्या बांधावर रुसलेला, सगळं त्याला पाठ होतं. पण हा सगळा हिशोब पुरुषांचा होता. लग्नाच्या तयारीतही मांडव, आचारी, वाजंत्री त्यानं स्वतः बघितलं आणि चुडा सोडून दिला. ती बायकांची बाब.

खापरटाकळीत चुडा भरायची एक रीत आहे. हळदीच्या आधी मांडवात मणियार बसतो. भावकीतली सगळ्यात मोठी सवाशीण पहिला हात पुढं करते, मग नवरी, मग वयाप्रमाणं बाकीच्या. मोठीनं हात दिल्याशिवाय नवरीनं द्यायचा नाही, आणि नवरीचा चुडा भरल्याशिवाय हळद लागत नाही. चुडा झाला की नवरी मणियाराच्या पाया पडते आणि तो तिला आशीर्वाद देतो. गावच्या कुठल्याच पोरीनं चाचाच्या पाया पडताना त्याला आडनाव विचारलं नव्हतं.

माघात शीतलची हळद आली. राधेश्यामनं मोठ्या मनानं जालन्याहून बांगड्यावाला पाठवला. “आपला माणूस हाय,” म्हणाला. जीनची पँट घातलेलं, कानात डूल असलेलं पोरगं. मापाप्रमाणं बांगड्या लावलेले प्लॅस्टिकचे डबे मांडून मांडवात बसलं. बाहेर खुर्चीवर राधेश्याम, जनरेटरपाशी मिथुन आणि त्याची पोरं. पोराकडची मंडळी उद्या यायची होती. रामकिसन आचाऱ्याशी बुंदीच्या तुपावरून हुज्जत घालत होता, तेवढ्यात आतून निरोप आला: जल्दी या.

तो आत गेला. मांडव बायकांनी भरलेला आणि कुणाच्याच तोंडून आवाज नाही. लग्नघरात बायका गप्प बसलेल्या त्यानं आजवर बघितल्या नव्हत्या.

सगळ्यात पुढं तुळजाबाई, त्याची चुलती. भावकीतली सगळ्यात मोठी सवाशीण. हा मान तिचा कसा, हे ती कुणी न विचारताही सांगायची: “माझा म्हातारा खोकत का होईना पर हाय, म्हणून मान माझा.” तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

“काय झालं, काकी?”

“हात दुखून राह्यला.”

“कोणता?”

“उजवा.”

“मंग डावा द्या.”

“त्यो बी उजव्याकडं बघून दुखायला लागला.”

कुणी हसलं नाही. रामकिसननं दुसरीकडं बघितलं. सोनूबाई म्हणाली, “माझा बी दुखतोय, भाऊ.” तिच्यामागची म्हणाली, “माझा बी.” मग बोलायचीही गरज उरली नाही. एकेक हात पदराखाली जात राहिला, आणि मांडवात नुसते चेहरे दिसायला लागले.

बांगड्यावाला पोरगा गोंधळला. “ताई, माप चुकलं का? माझ्याकडं सगळे साइज हायेत.”

“तुझं काही चुकलं न्हाई, लेकरा,” चतुराबाई म्हणाली. “तू चहा घे.” मग नवऱ्याकडं वळली. लोक असताना ती त्याच्याशी मान वर करून बोलायची नाही, आज बोलली. “ह्यांचे हात कशानं दुखतेत, ते तुमाला ठावं हाय.”

“आत्ता? ह्या टायमाला?”

“मंग कवा? उद्या पोरगी गेल्यावर?”

पाटावर बसलेली शीतल उठली. मुंडावळ्या अजून बांधल्या नव्हत्या. “पप्पा, मला एकच सांगा. रज्जाकचाचा पडले व्हते का? तुमी व्हय म्हणा. मी आत्ता हात पुढं करते, आजी बी करतील, समद्या भरतील. फक्त व्हय म्हणा.”

एक शब्द. तोही त्याचा आधी एकदा वापरून झालेला. तो म्हटला की सरपंचपद, जावई, सगळं जागच्या जागी राहणार होतं. रामकिसननं तोंड उघडलं.

मांडवाचा पडदा बाजूला झाला आणि मिथुननं आत डोकावलं. मांडवात चुडा भरताना पुरुषानं डोकावायची रीत नाही, पण रीत विचारायला तो आला नव्हता. त्याची नजर बायकांवरून फिरत फिरत शीतलवर थांबली.

“मामा, काही अडचण हाय का? मी बघू?”

आवाजात नुसती मदत होती. जनरेटर बंद पडला तर बघतो म्हणतात, तशी. आणि रामकिसनच्या ध्यानात आलं, की उद्यापासून या घरात कोण बोलतं, कोण बसतं, कोण कुणाला गाडीवर घेतं, हे असंच पडदा सारून बघितलं जाणार. आपण सरपंच असू आणि चावी याच्या हातात असेल.

“न्हाई,” तो म्हणाला.

“मंग बरं.”

“न्हाई, म्हणजे चाचा पडला न्हाई.” “ह्यानं झाकण आपटलं. वर चढला. मी समोर बसल्तो. म्या बघितलं.”

मिथुननं हसू तसंच तोंडावर ठेवलं. पोरांकडं बघावं तर ती जनरेटरपाशी, आणि मांडवात त्याच्या बाजूनं कुणी नव्हतं. “मामा, ऊन लागलंय तुमाला,” तो म्हणाला आणि पडदा सोडून दिला. सोनूबाईचा आवाज पडद्यापलीकडं त्याच्या पाठोपाठ गेला: “मेथी निवडत व्हते मी, पर डोळे काही निवडून ठेवले नव्हते. म्या बी बघितलंय रे!”

राधेश्याम मांडवात आला नाही. खुर्चीवरून उठला, धोतर झटकलं, आणि रामकिसन बाहेर आल्यावर शांतपणे म्हणाला, “पोरीच्या हळदीचा तरी इचार करायचा.” मग त्यानं तिथंच उभं राहून अंगदच्या बापाला फोन लावला. तो हळू बोलला नाही.

लग्न मोडायला तेवढा एक फोन पुरला.

ठाण्यात जायला बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसल्या, मागं पंक्चरवालाही चढला. वरातीसाठी झेंडूच्या माळा लावलेली तीच ट्रॉली, माळा काढायला वेळ नव्हता. आधी सगळे रज्जाकचाचाच्या घरी गेले. चाचा दारात आला. उजवा हात छातीशी धरलेला, बोटं वाळल्या शेंगांसारखी आत वळलेली.

“रामकिसन, तू बोलशील अन् तुझ्या वाड्यात जाऊन झोपशील,” तो म्हणाला. “माझं घर वस्तीच्या टोकाला. मी पडलो व्हतो. लिहून झालंय ते. र्‍हाऊ दे.”

सूनबाई आतून नातीला मागं ओढत होती.

“मंग मी आजपासून हितंच झोपते,” तुळजाबाई म्हणाली. “म्हाताऱ्याची खाट बी आणते. त्याच्या खोकल्यानं आमी इतकी वर्सं जागे हौत, कुणी आलं तर कळंलच.” ती पायरीवर बसली ती बसलीच. तिच्या शेजारी सोनूबाई बसली. पंक्चरवाल्यानं ट्रॉलीतून उडी मारली आणि कुणी न विचारताच म्हणाला, “माझं डोकं टायरात नव्हतं, चाचा.”

म्हाताऱ्यानं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. मग चप्पल शोधायला लागला. डाव्या हातानं, कारण उजव्यानं आता काही उचललं जात नव्हतं.

ठाण्यात जबाब झाले. मिथुनला नेलं, आणि गावाला वाटलं संपलं. रामकिसनला तसं वाटलं नाही. रस्त्यानं जाताना खताच्या दुकानासमोर त्याची पावलं आपोआप जलद व्हायची, आणि राधेश्याम गल्ल्यावरून त्याला रोज, न चुकता, नमस्कार करायचा.

एका भर दुपारी त्याचा ऊस पेटला. विजेची तार वरून जात नव्हती, शेजारी कुणी पाचट जाळलं नव्हतं. रामकिसन पोचला तेव्हा धुराचा लोट गोदावरीच्या अंगाला वाकला होता आणि पाचटाचे काळे तुकडे पाण्यावर उतरत होते. जळका ऊस फार दिवस उभा ठेवता येत नाही; रस आटतो, आणि कारखाना भाव पाडतो. तोडणीची टोळी मिळायला आठवडा लागणार होता. पण दुसऱ्या दिवशी उजाडताना बांधावर माणसं दिसायला लागली. पंक्चरवाला कोयता घेऊन आला. कोपऱ्यात बसवलेला चपला शिवणारा आला. बाजारातून गेलेला पिंजारी दोन पोरांना घेऊन आला. चाचाची सून मोळ्या बांधायला बसली, शीतल तिच्या शेजारी. हळद न लागलेल्या तिच्या अंगाला काजळी लागत होती. संध्याकाळपर्यंत सगळे इतके काळे झाले, की लांबून कोण कोणाचा हे सांगता येत नव्हतं. तुळजाबाईची नजर मात्र रस्त्यावर होती. तिथं एक मोटारसायकल थांबली होती. माणूस उतरला नाही. बराच वेळ बघत राहिला आणि निघून गेला.

मिथुन जामिनावर सुटला. बाजाराच्या तोंडाशी आता खुर्च्या नसतात. पण चाचाची सून जिथं बांगड्यांचं टेबल मांडते, तिथं गावातल्या दोन बाया कायम बसलेल्या असतात, आणि त्या उठायच्या आधी दुसऱ्या दोघी येतात. हे किती दिवस चालवायचं, कुणी विचारत नाही.

तर कुणी काय भरलं? रज्जाकचाचानं हात भरला, उजवा. सगळ्यात मोठी रक्कम त्याची, आणि ती परत मिळायची नाही. शीतलनं लग्न भरलं. ती आता बदनापूरला नोकरीला जाते, स्थळं येतात आणि फाट्यावरूनच परत फिरतात. रामकिसननं ऊस भरला, आणि सरपंचपद भरलं, जे त्याला मिळालंच नव्हतं; तिथं आज राधेश्याम बसलाय, बिनविरोध. तुळजाबाईनं झोप भरली, तिच्या म्हाताऱ्यानंही. मिथुननं कोठडीतले काही दिवस भरले. राहिला राधेश्याम. भाच्याच्या वकिलाचा खर्च त्याच्या अंगावर आला होता. यंदा युरियाच्या प्रत्येक गोणीमागं त्यानं नको असलेल्या औषधाची एकेक बाटली घ्यायला लावली. त्या बाटल्या रामकिसननं घेतल्या, पंक्चरवाल्यानं घेतल्या, सोनूबाईच्या घरच्यांनी घेतल्या, आणि मिथुनच्या वकिलाचं बिल त्याच्याविरुद्ध जबाब देणाऱ्यांनीच भरलं.